पाच वाजताचं कार्टून

आत्मकथन लिहिण्याइतकं माझं वय झालेलं नाही, असं माझा धाकटा भाऊ सुनील म्हणतो. असेल. पण आप्पा गेल्यापासून घरातल्या जुन्या गोष्टी तो एक सांगतो आणि मी दुसऱ्याच सांगते, आणि आईला विचारावं तर ती दोघांनाही ‘व्हय’ म्हणते. म्हणून हा एक तुकडा मला आठवतो तसा लिहून ठेवते आहे. मी तेव्हा नववीत होते.

आम्ही मूळचे मंद्रूपचे. आप्पांना शेतीपेक्षा यंत्रांचा नाद जास्त. ते सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात लागले आणि मागांची दुरुस्ती शिकून जॉबर झाले. विणणारा विणतो, पण माग अडला की जॉबरला बोलवायचं. आमची गल्ली बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची होती. समोरच्याच पत्र्याच्या शेडमध्ये चार माग होते आणि सकाळी ते सुरू झाले की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्याभोवती हलत राहायचं. सुट्टीच्या दिवशी ते बंद असले की आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. घरात आईचा कडक भाकरीचा धंदा होता. पहाटेपासून थापण्याचा आवाज, मग तव्यावरून उतरवलेल्या पातळ भाकऱ्या निखाऱ्याच्या कडेला उभ्या करून वाळवायच्या, त्यांचा किंचित करपट वास अंगाच्या कपड्यांनासुद्धा यायचा. सबंध भाकऱ्या विकायला आणि तुटक्या आम्हाला. तुटकी भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर कच्चं तेल आणि असेल तर दही, यावर आम्ही वाढलो. आई फार मोठ्यानं बोलायची. ‘पाणी द्या’ हेसुद्धा ती भांडल्यासारखं म्हणायची, आणि शेजारच्या बायकांची खात्री होती की आमच्या घरात नवरा-बायकोचं पटत नाही. आम्हालाही ते तिच्या स्वभावातलं वाटायचं.

संध्याकाळी पाच वाजता टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं. आता माझी मुलगी त्याला ॲनिमे म्हणते, मोबाईलवर मूळ जपानी आवाजात बघते आणि आम्ही ते हिंदीतून बघायचो म्हटलं की कीव आल्यासारखी माझ्याकडे पाहते. आमच्या वेळी ते कार्टूनच होतं. समुद्रकाठच्या एका गावातली चार पोरं पतंग लढवतात, गावोगावच्या स्पर्धांना जातात, एवढीच गोष्ट. त्यांच्यात मियू नावाची एक मुलगी होती, आखूड केसांची, सतत नाकाला पट्टी लावलेली. एक पतंग कापायला त्यांना दोन-दोन भाग लागायचे. पतंग आभाळात थांबलेला आणि खाली प्रत्येकाला आपलं लहानपण आठवतंय.

त्या मालिकेनं मला पहिल्यांदा जे शिकवलं ते म्हणजे हरणं. आम्ही पाहिलेल्या सिनेमांत नायक मार खायचा, पण शेवटी जिंकायचा. इथे इतके दिवस तयारी करून ही पोरं मोठी स्पर्धा सरळ हरली. मी आणि सुनील दुसऱ्या दिवशी टीव्ही लावून बसलो, की काहीतरी चूक झाली असेल आणि आज दुरुस्त करतील. तर मियू सकाळी उठली, तिनं भात खाल्ला, भांडं धुतलं आणि सरावाला गेली. भांडं धुतल्याचं त्यांनी पूर्ण दाखवलं. पुढे डी.एड.च्या प्रवेशाच्या यादीत दोनदा माझं नाव लागलं नाही तेव्हा मला कुठलंही सुवचन आठवलं नाही, ते भांडं आठवलं.

आप्पाही आमच्याबरोबर बघायचे. पहिल्या पाळीहून यायचे, अंगावरची सुताची पिंज झटकायचे, अंघोळ करून चहाची बशी घेऊन बरोबर पाचला भिंतीला टेकून बसायचे. बातम्या लागल्या की ते उठून जायचे, सिनेमा लागला की झोपायचे, पण कार्टून चुकवायचे नाहीत. “आता ह्यो रडनार बघ,” असं म्हणायचे आणि तो मुलगा खरंच रडायचा. बायका आईला म्हणायच्या, लेकरांचा लई लळा हाय तुमच्या मालकाला.

एकदा सुनील रिमोटवर बसला आणि टीव्हीचा आवाज गेला. रिमोट त्याच्या बुडाखाली आहे हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. आम्ही शोधाशोध करत होतो, आणि मागे आप्पा हसले. पडद्यावर त्या चौघांतला जाडा मुलगा पतंगासकट तळ्यात पडला होता. हसण्याचीच जागा होती ती. मग मियू चिडली, तिच्या कपाळावर शीर उमटली, आणि आप्पा म्हणाले, “लागलं तिला त्ये बोलनं.” त्या वेळी खोलीत समोरच्या मागांच्या खडखडीशिवाय कसलाही आवाज नव्हता. सुनीलला रिमोट सापडला. मी त्याचा हात धरला आणि भाग संपेपर्यंत आवाज लावू दिला नाही. आप्पांनी एकदाही विचारलं नाही की आवाज का बंद आहे.

वीस-बावीस वर्षं मागांत काढलेल्या माणसाचे कान जातात, हे त्या गल्लीत कुणाला नवीन नव्हतं. पण सगळे थोडे थोडे बहिरे असतात आणि एखादा पूर्ण असतो, यात फरक आहे. आप्पा ओठ बघून, चेहरा बघून, अंदाजानं निभावत होते. बातम्या देणाऱ्या माणसाचा चेहरा हलत नाही. कार्टूनमधल्या माणसाला राग आला तर आभाळ काळं होतं, भीती वाटली तर घामाचा थेंब डोक्याएवढा दिसतो. ते आमच्या लळ्यानं बसत होते हेही खरं असेल, पण सबंध दिवसात त्यांना सगळं समजायचं ते त्या अर्ध्या तासातच. मी आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ती पीठ मळत होती. ती म्हणाली, “तुला आता कळलं व्हय? गप बस. कारखान्यात कळलं तर जॉबर म्हनून कोन ठेवंल?” इतक्या हळू आवाजात ती पहिल्यांदाच बोलली.

काही दिवसांनी कारखान्याच्या मालकांनी जुन्या कामगारांची तपासणी ठेवली. एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं, डोळे आणि कान. आप्पांना फॉर्म भरता यायचा नाही म्हणून मी बरोबर. कानांना हेडफोन लावायचा आणि आवाज आला की हात वर करायचा. तपासणाऱ्या माणसापुढे एक पेटी होती आणि तो बटण दाबायचा तेव्हा तिच्यावर लहानसा दिवा लागायचा. पेटीची मागची बाजू आप्पांकडे होती आणि पुढची माझ्याकडे. कार्टूनमध्ये ती चार पोरं लढतीच्या वेळी टोपीला हात लावून एकमेकांना खुणा करायची. मी आप्पांकडे बघून दिवा लागला की वेणीला हात लावला. दुसऱ्या वेळीच त्यांना समजलं. त्यांनी हात वर केला, मी वेणी धरली, त्यांनी हात वर केला. कागदावर कान चांगले असल्याचं लिहून आलं. परतताना आप्पांनी मला रसवंतीत उसाचा रस पाजला. तेव्हा मला अभिमानच वाटला होता. चांगलं तेवढंच त्या मालिकेनं शिकवलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ही लबाडीही तिथलीच.

नरसय्याकाका आप्पांच्याच कारखान्यात विणायला होते. आमच्यापासून सहा घरं पुढे राहायचे. सकाळी दोघं एकत्र जायचे आणि एकत्र यायचे, फारसं न बोलता. पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी त्यांचा माग अडला. आप्पा मागच्या बाजूला बसून दुरुस्ती करत होते. काम झालं म्हणून ते उठले आणि माग सुरू करायला त्यांनी हँडल ओढलं. नरसय्याकाकांचा उजवा हात तेव्हा आत होता, आडवा धागा नेणारा धोटा अडकला होता, तो सोडवत. ते ओरडले. त्या ओळीतले इतर माग तेव्हा बंद होते, त्यामुळे ओरडणं पलीकडच्या लोकांनीही ऐकलं. पण ते हँडल ओढण्याआधीचं की नंतरचं, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगेना. दोन बोटं गेली.

मालकांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, “त्यो वरडलाच न्हाय. वरडला आसता तर मी थांबलो आसतो की. माजं कान चांगलं हायेत, तुमच्याकडंच कागद हाय.” कागद निघाला. मग चूक नरसय्याकाकांची ठरली, जॉबरला न सांगता मागात हात घातल्याची. त्यांना कामावरून कमी केलं.

आप्पा घरी येऊन जेवले आणि पाचला भिंतीला टेकून बसले. पडद्यावर काय चाललं होतं मला आठवत नाही. मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

मालिकेत मियूच्या आयुष्यात असाच एक प्रसंग होता. तिच्या दोऱ्याला बंदी असलेला मांजा लागलेला असतो, पंचांना ते दिसत नाही, त्यांचा गट जिंकतो. सगळे नाचत असताना ती एकटी पंचांपुढे जाते, कमरेत वाकते आणि आपण हरलो असं सांगते. गोष्ट लिहिणारीनं इथे तो भाग नेमका त्याच आठवड्यात लागला असं लिहिलं असतं. तसं झालं नाही. मी तो आधी दोन-तीनदा पाहिला होता, एवढंच. मला त्यातल्या वाकण्यापेक्षा नंतरचं जास्त लक्षात राहिलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या गटातला मोठा मुलगा त्यानंतर तीन भाग तिच्याशी बोलला नाही, आणि ती रोज जाऊन त्याच्याशेजारी बसून स्वतःचा पतंग चिकटवत राहिली.

मी चौथ्या दिवशी शाळेतून परस्पर नरसय्याकाकांच्या घरी गेले. त्यांची बायको लक्ष्मीअक्का उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. काका आत खाटेवर, हाताला बँडेज. अक्का म्हणाली, “रा, कूसो.” ये, बैस. मी बसले नाही. काय करावं सुचेना, तेव्हा मी दप्तरासकट कमरेत खाली वाकले, मियू वाकते तशी, आणि तशीच राहिले.

“काय झालं गं? पोटात दुखतंय का?” अक्का सूप बाजूला ठेवून उठलीच.

मग मला रडू आलं आणि मी वाकल्या वाकल्याच सगळं सांगितलं. दिवा, वेणी, कागद.

“बस हितं,” काका खाटेवरून म्हणाले. “मला काय नवीन सांगतीस? धा वर्सं मी त्याच्या शेजारी हाय. त्याला हाक मारून उपयोग न्हाय, सुताची रिकामी कांडी फेकून मारावी लागती पाठीत. मी रोज मारतो की. त्या दिवशी हात मोकळा नव्हता.”

“मग तुमी मालकांना का न्हाय सांगितलं, काका?”

“सांगून? त्याचंबी काम गेलं आसतं. दोन घरं बसली आसती.” ते बँडेजकडे बघत राहिले. “त्याला आयकू आलं न्हाय म्हनला आसता, तर मी गप बसलो आसतो. मी वरडलोच न्हाय म्हनला. त्ये लागलं.”

ते मला म्हणाले, आता तू कुणाला काही सांगू नको, त्याला सांग, त्यालाच येऊ दे. मी घरी येऊन आप्पांच्या समोर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि कुठे जाऊन आले ते सांगितलं. “काका म्हनत्यात तुमी या. आप्पा, जावा की तुमी.” त्यांनी ते नीट पाहिलं. मग मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. बहिऱ्या माणसाला बोलणं तोडायला तेवढं पुरतं. आई चुलीपुढून म्हणाली, “पोरगी काय बोलती आयका जरा.” ते उठून बाहेर गेले.

आणखी चार दिवस मी वाट पाहिली. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कारखान्यात गेले. काकांनी नको सांगितलं होतं, आणि ते मोडण्याचा मला अधिकार होता का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. मालकांची खोली काचेची होती. ते टॉवेलांचे नमुने बघत होते. मी वेणीचं सगळं सांगितलं. त्यांना ते लहान मुलीचं काहीतरी वाटलं. “शाळेत जा, बाळ,” म्हणाले, पण माझ्याकडे बघून काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आप्पांना बोलावणं पाठवलं.

आप्पा हात पुसत आले आणि मला पाहून दारातच थांबले. मालकांनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं, स्वतः त्यांच्या मागे गेले आणि साध्या आवाजात त्यांना नावानं हाक मारली, “महादेव.” आप्पा माझ्याकडे बघत होते. “महादेव, हिकडं बघ.” मागची काच बंद होती, मागांचा आवाज अगदी लांबून यावा तसा येत होता. तिसऱ्यांदा ते जरा मोठ्यानं म्हणाले. माझे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर होते. एक बोट हललं असतं तरी आप्पा वळले असते, कारण ते त्याचीच वाट बघत होते. मी हात हलवले नाहीत. मला वाटतं माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं, कारण मालकांनी खांद्याला हात लावायच्या आधीच त्यांनी डोळे मिटले.

इतकी वर्षं मी शाळेत शिकवते आहे. खरं बोलावं हे पोरांना सांगावंच लागतं, फळ्यावर लिहावंही लागतं. दरवेळी मला वाटतं की पुढचं एक वाक्य राहिलं, ते बोलल्यावर काय काय होतं त्याचं. ते पाठ्यपुस्तकात नसतं.

आप्पांचं जॉबरचं काम गेलं. मालकांनी घडी करण्याच्या खात्यात, बायकांबरोबर टॉवेलांच्या घड्या घालायला बसायला सांगितलं. ते दोन दिवस गेले आणि मग गेले नाहीत. नरसय्याकाकांना परत घेतलं, कांड्या भरण्याच्या मशीनवर, दवाखान्याचाही खर्च दिला. आप्पा सायकलवर आईच्या भाकरीचे गठ्ठे बांधून खानावळींना आणि दुकानांना देऊ लागले. सुनीलशी बोलायचे, आईशी बोलायचे, माझ्याशी नाही. मियूचे तीन भाग होते, माझे मात्र संपता संपेनात. मी त्यांना शिव्या द्या म्हणायलाही तयार होते. रोज शाळेतून आल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून भाकऱ्यांचे गठ्ठे बांधायचे, दहा-दहाचे, ते दोरी धरायचे आणि मी गाठ मारायची. ते दोरी धरायला नाही म्हणाले नाहीत, हे मी रोज मोजत होते. कार्टून ते पुन्हा बघायला बसले नाहीत. मग ते लागायचंही बंद झालं.

दहावीची माझी परीक्षा संपली त्या दिवशी गठ्ठे बांधून झाले होते. एक गठ्ठा त्यांनी सायकलला लावला नाही. हातातच धरून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “चल.”

मी चपला घातल्या. सहा घरं चालायला किती वेळ लागतो. नरसय्याकाका दारातल्या बाकावर बसले होते, नुकतेच पाळीहून आलेले. आप्पा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, भाकऱ्यांचा गठ्ठा छातीशी धरून. काय बोलायचं ते त्यांनी ठरवून आणलं असावं, पण निघेना. मी बाजूला उभी होते आणि कुणाचाही अर्थ कुणाला सांगायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं. काका खाली जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं. आप्पांना ओठ दिसले नाहीत.

इतर वेळी ते ‘व्हय, व्हय’ म्हणाले असते. आयुष्यभर तेच म्हणत आले होते. या वेळी ते एक पाऊल पुढे झाले.

“नरसय्या,” ते म्हणाले, “मला आयकू येत न्हाय. मोठ्यानं बोल की.”

काकांनी मान वर केली. उंबऱ्याशी अक्काच्या सुपातली विडीच्या पानांची खसफस थांबली. मग काका इतक्या मोठ्यानं ओरडले, की गल्लीतली दोन दारं उघडली.

“च्या घेनार का, म्हनलं!”

“घेनार की,” आप्पा म्हणाले, आणि बाकावर बसले.